पाऱ्यातला फरक

एरंडोल, ६ नोव्हेंबर १९५३
आलो एकदाचा! दवाखाना दोन खोल्यांचा, पण अंगणात निंब आहे, आणि समोरच्या हॉटेलातली शेवभाजी अशी की डोळ्यांनाही पाणी आणि तोंडालाही. पुण्याच्या तालमीत कमावलेले माझे दंड पाहून कंपाउंडर तोतारामने विचारले, डॉक्टर की पहिलवान? मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

२० नोव्हेंबर
आज सुपडू आला. कापूस पिकवणारा, चाळिशीचा. हातांचे स्नायू झिजताहेत, कातडीखाली मांस आपोआप उडते. मज्जातंतूंचा हा रोग बरा होत नाही, असे मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला सांगितले आहे. बायको झुंबरबाई एवढेच विचारते, की लेकीला कडेवर घेण्याइतकी ताकद राहील ना. मी ताकद मोजत राहायचे ठरवले. रक्तदाबाच्या यंत्राची पट्टी गुंडाळून मुठीत दाबायची आणि पारा किती चढतो ते पाहायचे. पट्टी जुनी, हवा झिरपते, आकड्याचा भरवसा नाही. म्हणून आधी मी दाबतो, मग सुपडू, आणि दोघांतला फरक तेवढा धरतो. आहे की नाही युक्ती!

१५ जानेवारी १९५४
फरक कमी झाला! आकडे दोघांचेही उतरलेत, पण त्या फाटक्या पट्टीला काय बोलायचे? फरक खरा. सुपडू सुधारतो आहे. झुंबरबाईला सांगितले तर ती रडलीच.

२६ फेब्रुवारी
फरक जवळजवळ गेला. मात्र जेवताना सुपडूच्या हाताला चमचा चिंधीने बांधावा लागतो, हे काही पाऱ्याशी जुळत नाही. झुंबरबाई पद्मालयाच्या गणपतीला जाऊन नवस फेडून आली. आज माझ्या हातून औषधाची बाटली निसटली. तोताराम म्हणतो, जागरण होते तुमचे.

१९ मार्च
जळगावहून नवी पट्टी आली. जराही झिरपत नाही. तरी माझा पारा जुन्या पट्टीवर होता तिथेच. तोतारामने दाबली, सर्रकन वर. मी पुन्हा दाबली. पुन्हा —
जुनीही त्याच्याकडून दाबून घेतली. तीही वर.
सुपडू सुधारला नव्हता. मीच त्याच्याकडे उतरत होतो.

२ एप्रिल
हा रोग लागत नाही. पुस्तकात स्पष्ट आहे. पुन्हा पुन्हा वाचले. सदरा काढला — दंडावर मांस उडते आहे, थांबत नाही. भीती वाटते. सुपडूने पाहिले. म्हणाला, "भाऊ, तुमना हात मना हातसारखा शे."

३० एप्रिल
झुंबरबाईला खरे सांगितले. नवस फेडून आलेल्या बाईला. तिने सुपडूच्या चमच्याची चिंधी अर्धी फाडली आणि माझे पेन माझ्या बोटांना —

१४ मे
आधी मी दाबली. पारा हलला — नाही. मग सुपडू. थोडा वर, अगदी थोडा —
फरक आहे. उलटा.
तो माझ्याकडे पाहून रडतो आहे. पुढच्या वेळी माप म्हणून आधी तो, आणि मग मी —