कॅप निघालीच तर

१२ जानेवारी

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत. तुझ्या बाबांचा खोकला गेला. तुझ्या आईचं पाण्याच्या टाकीवरून शेजारणीशी वाजलंय, पण ते काही नवीन नाही.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. अगं, तुझ्या आत्यानं तीस वर्षं बस स्टँडवर माइकसमोर काढली. माझी कुजबुजसुद्धा तीन घरांत ऐकू जाते, आणि हे तीन घरांनी ऐकण्यासारखं नाही.

तर मी आठवडाभर सहलीला चालले आहे. महिला मंडळाबरोबर. प्रवासात दाताचं काही झालं तर काय करायचं ते नीट लिहून पाठव. डबा मी भरून ठेवलाय: औषधाच्या दुकानातलं ते कॅप चिकटवायचं तात्पुरतं सिमेंट, कापूस, लवंगेचं तेल, गुळण्यांसाठी मीठ, दुखण्यावरच्या गोळ्या. गोळी गिळायची, हिरडीवर दाबून ठेवायची नाही, हे तू ओरडून सांगितलेलं लक्षात आहे. कॅप निघाली तर टाकायची नाही, जपून ठेवायची. आणि घरातला गोंद, कितीही मोह झाला तरी, लावायचा नाही. बरोबर ना?

आता तू म्हणशील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा माझ्या दवाखान्यात का येत नाहीस? दोनदा वेळ दिली, दोनदा तू रद्द केलीस. खरं आहे. पुढच्या दाताची कॅप हलते आहे, चांगलीच हलते आहे. घरात दाताची डॉक्टरीण असून मी हा असला दात घेऊन गावोगाव फिरणार! पण तुझ्या त्या खुर्चीत आ वासून बसल्यावर मला खोटं बोलता येत नाही गं. आणि तू विचारणारच, आत्या, कोणाबरोबर चाललीस?

महिला मंडळ कुठेही चाललेलं नाही. मी एकटीच चालले आहे. एक ड्रायव्हर आहेत. आमच्याच स्टँडवरून गाडी काढायचे, आता निवृत्त झालेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माझा आवाज ऐकून त्यांनी इतकी वर्षं गाडी सोडली, पण आम्ही एकमेकांना धड पाहिलेलंही नाही. मी काचेमागे, ते स्टिअरिंगमागे. वर्षभर फोनवर बोलतोय. ते म्हणतात, या, घर बघा, माणूस बघा, पटलं तर लग्न करू.

मला हो म्हणायचं आहे, चिमणे. लिहिलं बाई एकदाचं.

पण साठी उलटलेली बाई मी. जन्म दादाच्या घरात काढला, त्याला कुठल्या तोंडानं सांगू? आणि त्या माणसाला माझा आवाज आवडलाय. ऐन वेळी कॅप पडली आणि तोंडातून नुसती हवा आली तर? हसू नकोस. बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस. उत्तर लगेच टाक.

तुझी भित्री
आत्या


२१ जानेवारी

चिमणे,

आशीर्वाद. तुझं पत्र निघायच्या सकाळी मिळालं. शिव्या पोचल्या, सूचनाही पोचल्या. 'हो म्हणायचं असेल तर म्हण, दात मी बघते' हे वाक्य मी बसमध्ये चारदा वाचलं.

माणूस फोनवर वाटला त्याहून बुटका आहे आणि त्याहून चांगला. दोन खोल्या, पुढे ओटा, भिंतीवर सगळी हत्यारं आकारानुसार टांगलेली. चहाचा कपसुद्धा गाडी लावावी तसा सरळ रेषेत ठेवतात. मी पहिले काही दिवस सगळं दुसऱ्या बाजूनं चावून खाल्लं आणि पोट नाजूक आहे अशी थाप मारली.

काल दुपारी ओट्यावर बसलो होतो. त्यांच्या खिशात कायम चिकट टॉफ्या असतात, गाडीवर झोप येऊ नये म्हणून लागलेली सवय. एक मला दिली. नाही कसं म्हणू? दोनदा चावली असेल, कॅप टॉफीसकट निघाली! मी रुमाल तोंडावर धरला. आणि नेमकं तेव्हाच त्यांनी विचारलं, "मग, राहाल का इथे? माझ्याबरोबर?"

जन्मभर बोलून पोट भरलेली बाई मी, आणि तोंडातून शब्द निघेना. ते वाट बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "हरकत नाही. मनावर घेऊ नका. साडेचारची गाडी आहे, मी सोडतो तुम्हाला." आणि माझी पिशवी आणायला उठले.

चिमणे, म्हटलं, एका दातापायी हा माणूस घालवतेस की काय! रुमाल खाली टाकला आणि ओरडले, "थांबा!" तो 'थांबा' कसला, शिट्टीच ती. समोरच्या घरातली बाई बाहेर आली.

त्यांनी माझं तोंड पाहिलं, रुमालातली टॉफी पाहिली. मग असे हसले, असे हसले की ओट्याचा खांब धरावा लागला. मलाही हसू आवरेना. नंतर त्यांनी माझा तो दाताचा डबा आणला, कॅप पाण्यानं स्वच्छ केली, स्कूटरचा आरसा काढून माझ्यासमोर धरला. मी दात कापसानं कोरडा केला, चिमूटभर सिमेंट घेतलं. आणि हे गाडी मागे घेताना कंडक्टर ओरडतो तसे सुरू झाले, "येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडे... येऊ द्या... बस्स!"

कॅप बसली. बाहेर आलेलं सिमेंट पुसलं आणि मी हो म्हणून टाकलं. तू म्हणतेस तसं, हे चार दिवसांचं काम आहे, पक्की तुलाच बसवावी लागेल. येत्या रविवारी दोघं येतो. खुर्चीत बसवून काय विचारायचं ते विचार.

दादाला आज सकाळी मीच फोन केला. सगळं एका दमात सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "तुझं कपाट त्यांच्या दारातून आत जाईल का? माप घेऊन कळव." आणि फोन ठेवला. मी ओट्यावर बसून पोटभर रडले गं.

माप घेतलंय. जातं.

तुझी,
या घरची
आत्या