वॉल्टरने गुरं विकली

वेंगुर्ले. भाऊबीज, संध्याकाळ.

वॉल्टरचं पत्र कालपासून पुन्हा पुन्हा वाचतेय आणि दर वेळी डोकं फिरतंय. "गुरं विकली, रान विकलं. मोंटाना सोडून लेकीकडे शहरात जातो. आता लिहिण्यासारखं काही उरणार नाही, तेव्हा माझ्या पत्राची वाट पाहू नकोस." झालं! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी पत्रमित्र म्हणून पत्ता दिला, तेव्हापासून अमेरिकेतल्या या माणसाची वासरं, बर्फ आणि मोडकी कुंपणं मी वाचत आले. त्याचं हे फळ?

पाडव्याला आमच्याकडे गुरांच्या अंगावर रंगाचे ठसे उठवतात, असं मी एकदा लिहिलं होतं. पठ्ठ्याने खरंच आपल्या म्हाताऱ्या गायीवर लाल ठसे मारून फोटो पाठवला. गड्यांनी त्याला वेड्यात काढलं म्हणे. ठसे सगळे फिसकटलेले, पण गाय काय दिमाखात उभी! तीही विकली असेल? कुणाला? विचारायचा धीर होत नाही.

शेजारची सुमन फराळ घेऊन आली, तिच्यापुढेच तोंड सोडलं. "मी काय त्याच्या गुरांसाठी पत्रं वाचत होते?"

ती माझ्याच ताटातली चकली मोडत म्हणाली, "गो टीचर, तुझ्याकडे एक शेळी तरी होती काय? तरी इतकी वर्सां तू त्येका लिवत इलंस मां?"

खरंच की. काय लिहीत होते मी? बांगडे-सुरमईचे भाव, दुखरे गुडघे, शाळेतली भांडणं. आणि तो आवडीने वाचत होता.

लगेच उत्तर लिहायला बसले. "वॉल्टर, मूर्खा, माझ्याकडे कधीच गुरं नव्हती. लेकीच्या खिडकीतून काय दिसतं ते कळव. मी वाट पाहणारच."