सकाळवाले आणि दुपारवाले

४ मार्च

सुटलो एकदाचे! मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफरूममध्ये आदेश वाचून दाखवला — या वर्षानंतर शाळा बंद. सगळ्यांनी डोळ्यांना रुमाल लावले. मीही लावला. मनात मात्र — हुश्श! वरचा मजला धोकादायक म्हणून कुलपात, खाली मुलांपेक्षा बाकं जास्त. किती ओढायचं आणखी?

खरं कारण निराळंच. हे सकाळच्या पाळीत गणित शिकवतात, मी दुपारच्या पाळीत इतिहास. लग्न झाल्यापासून आमचा संसार शाळेच्या फाटकात चाललाय. हे बाहेर पडणार, मी आत शिरणार — तेवढ्यात किल्ली, निरोप, भांडण, सगळं उरकायचं. लेक तान्ही असताना तीही तिथेच या कडेवरून त्या कडेवर जायची. संध्याकाळी मी दमून येते, तर ह्यांचे डोळे मिटायला आलेले. नव्या शाळेत दोघांना एकच पाळी मिळू दे. दुसरं काही मागणं नाही.

७ मार्च

निरोप समारंभात शाळेचा इतिहास वाचायचाय, आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात. "तुमचा विषयच आहे की!" — मुख्याध्यापिकाबाई.

सुरुवात सोपी. पहिला वर्ग लाकडाच्या वखारीत. मग कारखाने आले, वस्ती वाढली, मुलं मावेनात म्हणून दोन पाळ्या. पुढे कारखाने गेले, वस्ती शहराबाहेर सरकली. पाळ्या तेवढ्या राहिल्या.

१२ मार्च

माजी विद्यार्थ्यांना फोन लावले. एका शाळेचा इतिहास लिहायला बसले, निघाल्या दोन! सकाळवाले म्हणतात, बाकं कोरायचे ते दुपारवाले. दुपारवाले म्हणतात, खडू पळवायचे ते सकाळवाले. एकमेकांचं तोंडही न पाहता एवढं वैर!

फळा तेवढा सामाईक. सकाळी ह्यांचं गणित अर्धवट राहायचं, खाली 'पुसू नये'. उरलेल्या अर्ध्या फळ्यावर मी सगळ्या लढाया लढले. ह्यांचं एक गणित कधी पुसलं नाही. घरी सांडलेला चहा मात्र मीच पुसायचा!

१३ मार्च

ह्यांना म्हटलं, सकाळच्या पाळीचं तुम्ही सांगा ना काही. "सांगायचं काय? शिकवायचो." आणि हे झोपले.

२१ मार्च

समारंभ झाला. इतिहास वाचला, टाळ्या मिळाल्या. पण लिहायचंय ते दुसरंच.

अनोळखी माणसं माझ्याकडे बघून हसत होती. एक डॉक्टरीण, सकाळवाली, माझा हात धरून म्हणाली, "बाई, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आलेल्या त्या तुम्हीच ना?" मी गारच! हिला कसं ठाऊक? तिच्या शेजारी उभा असलेला बसचालक, तोही सकाळवाला, हसत सुटला. "अहो, सर आल्या आल्या तेच सांगायचे! काल फाटकात बाई काय म्हणाल्या, ते अगदी नकला करून. त्याशिवाय गणित घशाखाली उतरायचंच नाही आमच्या."

नकला? हे? घरी ज्यांच्या तोंडून शब्द काढायला मिनतवाऱ्या कराव्या लागतात, ते!

आधी संताप आला. अख्ख्या सकाळच्या पाळीत माझं हसं! मग लक्षात आलं. इतकी वर्षं वाटायचं, माझं बोलणं हे या कानाने ऐकतात नि त्या कानाने सोडतात. इथे तर शब्द न् शब्द जपलेला. भरून आलं, रडले. लोकांना वाटलं, शाळेसाठी.

२२ मार्च

विचारलंच. कान लाल झाले ह्यांचे. "अगं, तू बोलतेसच तशी!"

९ मे

सुट्टी. दोघं दिवसभर घरात. बोलायला अख्खा दिवस मोकळा आणि बोलायला काही नाही! कांदा असा का चिरलास, खिडकी का उघडलीस — हेच. फाटकात भांडण आणि समेट दोन्ही उभ्या उभ्या व्हायची. इथे नाश्त्याचं भांडण रात्रीच्या जेवणापर्यंत पुरतं. एकाच पाळीची धास्ती वाटायला लागलीये, हे कुणाला सांगू?

२ जून

नवी शाळा. इथेही दोन पाळ्या! मुख्याध्यापक भला माणूस. "नवराबायको आहात, दोघांनाही सकाळ देतो." मागितलं होतं तेच पुढ्यात! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलून गेले, "नको हो सर. मला सकाळ द्या, ह्यांना दुपार."

बाहेर आल्यावर ह्यांनी मोठ्ठा श्वास सोडला. मग दचकून थांबले. "म्हणजे आता वर्गात तू माझ्या नकला करणार?"

"करणारच!"