शुभदाच्या क्रोकसबाबत

मी, रवींद्र यशवंत आगाशे, वय एकोणसत्तर, राहणार उइटहॉर्न, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. आता तरी चारुताचा विश्वास बसावा. नोटरीकडे डचमध्ये रीतसर सगळे झाले आहेच. तिथे जे मावले नाही, ते इथे लिहितो.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी चारुता हिला. हत्यारांची पेटी जावई वेदांत यांना. माझे ड्रिल त्यांनी चार वर्षांपूर्वी नेले आहे, तेही आता त्यांचेच समजावे.

२. मागच्या अंगणातल्या गवतात माझी पत्नी कै. शुभदा दर ऑक्टोबरला गुडघे टेकून क्रोकसचे कंद लावी. पहिल्या वसंतात फुले येत. पुढच्या वर्षी त्या जागी एखाददुसरेच, मग काहीच नाही. ती हिरमुसली की मी म्हणायचो, "तुझ्या हाताला गुणच नाही गं." चेष्टेतच, पण वीस वर्षे म्हणत राहिलो.

फुले सरली की लगेच, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी गवत कापायचो. परक्या देशात शेजाऱ्यांनी नावे ठेवायला नकोत, म्हणून आमचे गवत त्यांच्याहून बारीक असायचे.

३. शेवटचे कंद लावून महिना होत नाही तोच शुभदा गेली. त्या वसंतात यंत्र बाहेर काढायचे मन झाले नाही. गवत गुडघाभर वाढले, क्रोकसची पाने त्यातच पिवळी पडून वाळली. पुढच्या फेब्रुवारीत, कोणी काही न लावता, सगळे क्रोकस परत आले.

शेजारच्या मराइकेबाईंना कारण विचारले. त्या म्हणाल्या, "पानं कंदासाठी अन्न साठवतात. हिरवी असतानाच कापलीत तर कंद उपाशी राहतो."

घरी येऊन खूप रडलो.

४. चारुता, पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत गवताला हात लावायचा नाही. शेजारी नावे ठेवतील, ठेवू देत. गवत कापायचे यंत्र कोणालाही देऊ नये, भंगारात टाकावे.

५. शुभदाच्या हाताला गुण नाही, हे माझे यापूर्वीचे विधान मी या लेखाने रद्द करीत आहे. तिच्या हाताला गुण होता. कंद मी उपाशी ठेवले. तिला सांगायचे राहून गेले, म्हणून साक्षीदारांसमोर लिहून देतो.

सही: रवींद्र यशवंत आगाशे
ठिकाण: उइटहॉर्न. दिनांक: ९ मार्च २०२५, अंगणात क्रोकस फुललेले असताना.

साक्षीदार:
१. मराइके द ब्रुइन, शेजारी
२. सुचेता पाटणकर, शुभदाची मैत्रीण. ते वाक्य मी हिच्यादेखत बोलत असे, म्हणून हिला मुद्दाम बोलावले.