आप्पांचं ‘बघू’

नीगाता, जपान
६ एप्रिल २०२५

ती. आप्पांस,
ज्ञानेश्वरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी इकडे खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खुशाल नाही. रागात आहे, आणि राग तुमच्यावरच आहे.

फोनवर बोलायला गेलं की दोन मिनिटांत आपलं वाजतं, मी फोन ठेवते, मग मानवतहून दैवशालाताईचा फोन येतो की बापाशी असं बोलतात का. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये सेलूला आले तेव्हा तुम्हाला योशितोबद्दल सगळं सांगितलं. लग्न करायचं म्हणतोय, करू का, असं सरळ विचारलं. फोनमधला फोटो पुढे केला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘बघू’ म्हणालात, टोपी घातली आणि बाजारात निघून गेलात. संक्रांतीला फोनवर परत विचारलं, परत ‘बघू’. आठ महिने झाले, आप्पा.

या शब्दाचा अर्थ मला कळतो. सहा वर्षं मी जिथे इंग्रजी शिकवते तिथे ‘नाही’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. पहिल्या वर्षी मी उपमुख्याध्यापकांना विचारलं की मुलांचं छोटं नाटक बसवू का. ते म्हणाले, विचार करून बघतो. मी वेड्यासारखी महिनाभर वाट पाहिली, कागदाचे मुकुटसुद्धा करून ठेवले. शेवटी एका बाईंनी बाजूला घेऊन समजावलं की बघतो म्हणजे नाही, आणि परत विचारणं वाईट दिसतं. शेजारची म्हातारी तशीच. ओला-सुका कचरा चुकला की पिशवी माझ्या दाराशी आणून ठेवते, वर चिठ्ठी. भांडायलाही येत नाही. आपल्या केशरबाई असत्या तर दारात उभ्या राहून चार शब्द सुनावले असते आणि चहा पिऊन गेल्या असत्या.

या सगळ्यांत सरळ बोलणारा मला एकच माणूस भेटला. तो भात लावायची यंत्रं दुरुस्त करतो. पहिल्या हिवाळ्यात मी बर्फावरून सायकलसकट पाटात गेले, त्याने आधी मला काढलं, मग सायकल. दुसऱ्या दिवशी साखळीला तेल घालून सायकल शाळेच्या फाटकाशी आणून दिली. पुढे तीन महिने भेटला की टायरमध्ये हवा आहे का, एवढंच विचारायचा. मी त्याची नक्कल करून शाळेतल्या बायांना हसवायचे. मग एक दिवस म्हणाला, मला तुझ्याशी लग्न करायचं आहे, नको असेल तर नको म्हण, अर्धं बोललेलं मला समजत नाही. अशा माणसाला आठ महिने तुमचं ‘बघू’ कसं समजावून सांगू?

नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. सेलूची आहे, पचेल मला. तीस तारखेपर्यंत वाट पाहीन. उत्तर आलं नाही तर नाहीच समजेन आणि माझं मी ठरवीन.

लोभ असावा म्हणायला आज जीभ वळत नाही, तरी असावा.
तुमची
ज्ञानेश्वरी

---

सेलू, जि. परभणी
२८ एप्रिल २०२५

चि. ज्ञानेश्वरीस,
आप्पांचे अनेक आशीर्वाद. पत्र शनिवारी मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

तू मला माझ्याच बोलण्याचा अर्थ सांगतेस? चाळीस वर्षं मी जिनिंगवर कापूस पारखला. माणिकराव शेट असोत की पालमचा कुणी टेम्पो घेऊन आलेला, माल कसा आहे विचारलं की मी काय म्हणायचो? बघू. मग गाडीवर चढायचो, वरचा थर बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घालायचो, मूठभर काढून धागा ओढायचो, ओल पाहायचो. वरून दुधासारखा आणि आत सगळी किडकी पिवळी कवडी, असा माल जन्मभर पाहिला. न पाहता कधी हो म्हटलं नाही आणि न पाहता कधी नाहीही म्हटलं नाही. फोटोत कापूस पारखता येतो का? म्हणून तुझ्या फोनकडे पाहिलं नाही.

आणि नाही म्हणायचं असतं तेव्हा हा आप्पाराव कसं म्हणतो ते तुला माहीत होतं. दैवशालाचं पहिलं स्थळ पाहुण्यांच्या तोंडावर परत पाठवलं होतं, त्यांचा चहा अजून बशीत होता. तू आत तोंडाला ओढणी लावून हसत होतीस. ते विसरलीस आणि त्या नाटकवाल्या हेडमास्तरचं लक्षात ठेवलंस.

बघू म्हणजे पोरगा बघू. तू ऑगस्टमध्ये गाडीत बसलीस आणि त्याच आठवड्यात मी पासपोर्टच्या मागे लागलो. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून, कारण गुरुजींनी आख्ख्या वर्गालाच एक जून लावला होता. आधारवर एक जानेवारी. इकडे आप्पा, तिकडे आप्पाराव. परभणीला सात खेपा झाल्या, प्रतिज्ञापत्रं झाली. मग पोलीस चौकशीला आला आणि हा माणूस कसा आहे म्हणून केशरबाईला विचारून गेला. तेव्हापासून सारी गल्ली विचारायली, आप्पाराव, काय भानगड केली तुमी म्हणून. एकालाही खुलासा दिला नाही. दैवशालालाही बोललो नाही. या वयात कागदावरून परत आलो असतो तर लेकींना तोंड काय दाखवलं असतं?

आता चौकशी निपटली आहे, पासपोर्ट डाकेनं यायचा आहे. तोवर गप्प राहा, काही उद्योग करू नकोस. त्याला जमीन किती तेही कळव. तीन पानी पत्रात कचऱ्याची पिशवी आली, जमीन आली नाही.

आशीर्वाद माझे आहेतच, अक्कल देव देवो.
आप्पा

---

नीगाता
८ मे २०२५

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि. तीस तारीख गेली. तुमचं पत्र नाही. नंतर इथे सणाच्या सुट्ट्या होत्या, कचेरी बंद होती, तेवढे दिवसही थांबले. काल कचेरी उघडली आणि आम्ही कागद दिला. लग्न झालं.

इथे लग्न म्हणजे एक अर्ज असतो. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक योशितोच्या आईची, दुसरी आमच्या उपमुख्याध्यापकांची. खिडकीतल्या मुलीने कागद तपासला, वाकून अभिनंदन केलं आणि पुढच्या खिडकीकडे जायला सांगितलं. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. अक्षता नाहीत, मामा नाही, मानपानावरून कुणी रुसलंसुद्धा नाही. घरी सासूबाईंनी लाल चवळीसारखे दाणे घालून भात केला होता, शुभ असतो म्हणून. तुम्ही नव्हता याचा राग येत होता, आणि तुम्हाला त्याचं काहीच नाही याचा त्याहून जास्त.

योशितो म्हणत होता, अजून थोडं थांबू, टपालाला वेळ लागतो. मी त्याच्यावर ओरडले. माझ्या बापाला मी ओळखते, म्हणाले.

कळावे. बाकी मागण्यासारखं काही उरलं नाही.
ज्ञानेश्वरी

---

सेलू, जि. परभणी
९ जून २०२५

चि. योशितो यांस,
सेलूहून आप्पारावचे आशीर्वाद. वि. वि. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तुमच्या बायकोकडून वाचून घ्या. तिला मी लिहीत नाही. माझं एप्रिलचं पत्र उशिरा पोचल्यावर तिचं माफीचं पत्र आलं, ते अर्धं वाचून घडी घालून ठेवलं. हे वाचताना ती ओळी गाळील. गाळू देऊ नका. नमस्कार-चमत्कार सोडून चार परिच्छेद आहेत, मोजून घ्या.

माझा पासपोर्ट आणि तुमच्या लग्नाचं पत्र एकाच दिवशी आलं. आमचा पोस्टमन योगीराज दोन्ही हातात देऊन म्हणाला, काका, आता पेढे पायजेत. मी पेढे आणवले. त्याला दिले, केशरबाईला दिले, गल्लीत वाटले. सारं वाटून झाल्यावर दुसरं पाकीट फोडलं.

तुमच्यावर राग नाही. थोडं थांबू असं तुम्ही म्हणालात, हे तिच्याच अक्षरात आहे. त्या घरात तेवढे एक तुम्हीच शहाणे दिसता. पण तिला विचारा, आठ महिने धीर धरलास, आणखी आठ दिवस काय जड होते? दोन सह्या लागत होत्या, त्यातली एक माझी चालली नसती का? त्या हेडमास्तरला तिने स्वतः विचारलं, मला विचारलं नाही. माझ्या लेकीच्या लग्नाला मी नव्हतो. हा राग मरेपर्यंत जायचा नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. इथे ती थांबली असेल तर तिला पाणी द्या आणि पुढे वाचायला लावा.

व्हिसासाठी तिकडून बोलावण्याचा कागद लागतो, असं परभणीचा एजंट सांगतो. तिच्या सहीचा आला तर मी तो फाडीन. तुमच्या सहीचा पाठवा. वेचणी लागायच्या आत, सप्टेंबरात यायचा विचार आहे. तुमची यंत्रं दाखवा, शेत दाखवा. तिच्याशी मी बोलणार नाही, पण स्वयंपाक तिनेच करावा.

राग आहे तितकाच लोभ आहे, हे तिला सांगायची गरज नाही.
आप्पाराव

ता. क. त्या कागदावर, येणाऱ्याशी तुमचं नातं काय, असा एक रकाना असतो म्हणे. तो रिकामा सोडू नका, नुसतं पाहुणा म्हणूनही लिहू नका. सासरा लिहा.