मी फक्त टॉर्च धरायचे

प्रिय पप्पा,

आज दुपारी आईंचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं आणि माझ्या हातातली पळी आमटीत पडली. त्या सुमन आत्यांना सांगत होत्या, "वरसाच्या कार्याला लवकर ये गो. आमची सूनबाय त्या दिशी गारी चालू करनार हाय."

सूनबाय म्हणजे मी. गाडी म्हणजे तुमची ती पन्नास वर्षांची म्हातारी मोटरसायकल. आणि कार्य म्हणजे तुमचंच वर्षश्राद्ध, पुढच्या आठवड्यात! आता बोला, मी काय करू? नीलेशला सांगून उपयोग नाही. तो म्हणतो, "तूच बघ ना, पप्पांनी तुझ्यावर सोपवलंय." म्हणून ज्यांनी हे करून ठेवलं त्यांनाच लिहायला बसले आहे.

सोपवलंय म्हणे!

हॉस्पिटलात तुम्ही आईंचा हात धरून काय बोललात, आठवतं? "गारीचा टेन्शन घेव नको. सूनबायला सगला म्हायती हाय." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. अहो पप्पा, काय बोलताय, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तुमच्या नाकात नळी, आईंचे डोळे भरलेले, आणि तुम्ही दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्या वेळी दुसरं काय करणार होते मी? संध्याकाळी तुम्ही गेलात आणि ते ओझं माझ्या गळ्यात टाकून गेलात.

मला काय माहिती आहे, पप्पा? मला टॉर्च धरता येते. तीसुद्धा नीट नाही, असं तुमचंच म्हणणं.

लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे पनवेलजवळ विचुंब्याला आले तेव्हा घराखालच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी आहे एवढंच मला दिसायचं. तुम्ही रिटायर झालात आणि ताडपत्री निघाली. एकदा तुम्हाला चहाला हाक मारायला खाली आले, तर तुम्ही टाकीखाली डोकं घालून बसलेले. म्हणालात, "आलीस त जरा यो उजेर धर." चहा वर गार झाला. दुसऱ्या दिवशी तेच. मग ऑफिसचं काम संपलं की लॅपटॉप मिटायचा आणि खाली यायचं, हे ठरूनच गेलं.

आणि किती ओरडायचात हो! "उजेर इकरं, इकरं! माज्या तोंडावर कनाला मारतंस?" मी म्हणायचे, पप्पा, इकडे म्हणजे कुठे ते तरी सांगा. तुम्ही हातातल्या पान्याने हवेतच कुठेतरी दाखवायचात. आमच्या घरी बाबा माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलायचे. तुमचा आरडाओरडा ऐकून पहिल्या आठवड्यात मला रडू यायचं, नंतर एक दिवस तुम्ही ओरडला नाहीत तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. खरं सांगते.

पाना मात्र कधी हातात दिला नाहीत. एकदाच दिलात, मी जोर लावून बोल्ट आवळला आणि आटे गेले. वाटलं, आता माझी काही धडगत नाही. तुम्ही नुसतं म्हणालात, "जाव दे, नवीन टाकू." आणि वर जाऊन आईंना कौतुकाने सांगितलंत, सूनबायच्या हातान लय जोर हाय! अशी कौतुकं केलीत म्हणून तर आज ही वेळ आली. थोडं खरं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

आणि ती तुमची नावं! जगातली माणसं पार्टला पार्टच्या नावाने ओळखतात. तुम्ही सगळा गोतावळा गाडीत बसवला होतात. उलटी मारणारी किक म्हणजे बाळू काका. मधेच आपोआप वाजणारा हॉर्न म्हणजे सुमन आत्या. पेट्रोल पिणारा कार्बोरेटर म्हणजे आईंचे भाऊ. दोन सायलेन्सर म्हणजे एक माझे बाबा आणि दुसरा नीलेश, कारण दोघंही तोंडातून आवाज काढत नाहीत. मला किती हसू यायचं! "मी कुठला पार्ट?" असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "टॉर्च धर." मला तुम्ही गाडीत कुठेच बसवलं नाहीत, याचा मला थोडा राग आहे, आता सांगून टाकते.

त्या नावांनी माझी काय शोभा झाली, माहीत आहे? मागच्या महिन्यात पनवेलला स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, काय देऊ ताई? माझ्या तोंडून निघालं, "बाळू काकांची स्प्रिंग." मागे उभी असलेली माणसं हसली. खरं नाव मला आठवेना, कारण ते मी कधी ऐकलंच नव्हतं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी रडत होते, आणि मधूनच हसतही होते.

तरी सगळं जमलं असतं हो. तुम्ही पार्ट काढलेत तसे जुन्या चादरीवर ओळीने मांडून ठेवले होते. दारापासून भिंतीपर्यंत. उलट्या क्रमाने लावत यायचं, की झाली गाडी! शिवाय माझ्या लाल नेलपॉलिशचे ठिपके होते. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला दोन. माझी अख्खी बाटली संपवलीत आणि वर विचारलंत, "दुसरी हाय का?" ती चादर तशीच राहिली असती तर मी तुमच्या मेकॅनिक दोस्ताला, सलीमभाईंना, हाताशी धरून काहीतरी केलं असतं.

पण तुमच्या दहाव्याला माणूस मावेना. पुरुषांना बसायला जागा हवी, म्हणून गॅरेज रिकामं करायचं ठरलं. बाळू काका आणि त्यांची मुलं कामाला लागली. पप्पा, शपथेवर सांगते, त्यांनी ते प्रेमानेच केलं. त्यांच्या दादाच्या वस्तू काळ्या, तेलकट कशा ठेवायच्या, म्हणून एकेक पार्ट थिनरने पुसला. चकाचक केला. आणि सगळं दोन तांदळाच्या पोत्यांत भरून कोपऱ्यात नीट ठेवून दिलं.

मला वर आवाज येत होता. लोखंडावर लोखंड पडल्याचा. मला कळलं काय चाललंय ते. पण आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडल्या होत्या, दोन रात्रींनंतर पहिल्यांदाच त्यांचा डोळा लागला होता. मी उठले असते तर त्या जाग्या झाल्या असत्या. हाक मारली असती तरी जाग्या झाल्या असत्या. मी बसून राहिले आणि एकेक पार्ट पोत्यात पडताना ऐकत राहिले. इतकं हतबल मला तुम्ही गेलात त्या संध्याकाळीसुद्धा वाटलं नव्हतं.

एकही ठिपका शिल्लक राहिलेला नाही.

सलीमभाई बिचारे दर शुक्रवारी नमाज झाली की येतात. तुमच्या दोस्तीखातर येतात, चहाशिवाय काही घेत नाहीत. त्यांनी इंजिन बांधून दिलं. मागच्या शुक्रवारी किक बसवली, तर ती खाली गेली ती वर येईना. आणि इंजिनाचं सगळं लावून झाल्यावर रंगाच्या डब्यात मूठभर वॉशर, दोन स्प्रिंगा आणि एक दांडी उरली! सलीमभाई डब्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "बेटी, खुदा गवाह, मी हयातभर हेच काम केलं. पण त्यांनी ह्या गाडीत स्वतःचं काय काय घातलं होतं, ते त्यांनाच मालूम." मी विचारलं, मग आता? त्यांनी हात पुसले आणि चप्पल घातली.

ऐका, अजून पुढे आहे. बाळू काकांनी परवा विषय काढला. म्हणाले, "वर्षाच्या कार्यापर्यंत चालू झाली तर ठीक, नाय तर कळंबोलीला लोखंड घेनारा माझे वळखीचा हाय, टेम्पो पाठवेल." नीलेश काही बोलला नाही. सायलेन्सरच तो! मग रात्री मला म्हणाला, "खरंच, किती दिवस असं पोत्यात ठेवायचं?" त्याचंही चूक नाही. पोती बघितली की तो तोंड फिरवून वर जातो, हे मी बघते ना.

आणि आई? आई सगळ्यांना सांगत सुटल्यात की सूनबायला सगलं म्हायती हाय. देवळात, दुधवाल्याला, समोरच्या टॉवरमधल्या बायकांना. त्या तुमच्याशिवाय वर्षभर कशाच्या आधारावर उभ्या आहेत, तर त्या एका वाक्याच्या. ते मी कसं काढून घेणार होते?

पोतं उलटं करून मी रोज बसते. सगळ्यात एकच वस्तू मला न चुकता ओळखता येते. डाव्या बाजूला लावायचा तो लांब, रुंद फूटरेस्ट. तुम्ही स्वतः बनवून घेतलेला. आठवतं, आईंना स्टुलावर बसवून, गुडघ्यापासून तळपायापर्यंत सुतळीने माप घेतलं होतं? त्या विचारत होत्या, कनाला, कनाला? तुम्ही सांगितलंत, नवीन खुर्ची करायची हाय. सीटपण तीन बोटं खाली घेतलीत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना पाय वर घ्यायला जमत नाही म्हणून. मला बजावलं होतंत, "तिला बोलू नको." मी नाही बोलले.

फूटरेस्ट एवढा लांब-रुंद का, ते विचारलं नव्हतं मी. ते आज संध्याकाळी कळलं.

दुपारच्या त्या फोननंतर मला राहवलं नाही. आई गॅरेजच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. मी तो फूटरेस्ट हातात घेऊन सरळ त्यांच्यासमोर गेले आणि म्हटलं, "आई, मला काही येत नाही. पप्पा उगीच बोलले. मी फक्त टॉर्च धरायचे." एवढं बोलून मला जे रडू फुटलं ते थांबेना.

आईंनी साडी घोट्यापासून जरा वर घेतली. तिथे एक जुना, काळपट डाग आहे, मी कितीदा बघितला असेल, कधी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, "लगीन झाल्यावर बेलपाड्यावरना ह्याच गारीवर आनली मना. पाय ठेवाला जागा नाय, पाय लागला सायलेन्सरला. मी वरडले त हे हसले. घरी येवन बगतान त कातडीच निघालेली. मंग हसले नाय." त्यांनी फूटरेस्टवरून हात फिरवला. "आता केलान होय यो माझेसाठी?"

पप्पा, तुम्ही इतकी वर्षं तो डाग बघत होता का? तोंडाने एकदा बोलला असतात तर? आईंना किती बरं वाटलं असतं! तुम्हा सगळ्या पुरुषांना सायलेन्सरच म्हणायला हवं.

मग मी विचारलं, "आई, मला येत नाही, याचं तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

त्या म्हणाल्या, "त्यांना तरी कुटं येत व्हता गो? दरवेळेला खोलाचे आनि दरवेळेला काय ना काय उराचा. मी काय आंधली हाय?" आणि हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा हसल्या. मग उठल्या, आत आल्या, तुमच्या स्टुलावर बसल्या, आणि खिळ्यावरची टॉर्च काढून माझ्यापुढे धरली. "चल, काय कराचा हाय ते कर. मी उजेर दावते."

टॉर्च कशी धरतात त्या! सगळा उजेड माझ्या डोळ्यांवर. मी टाकीखाली डोकं घातलेलं, बोल्ट दिसेना, आणि माझ्याच तोंडून जोरात निघालं, "उजेर इकरं, आई! इकरं!" दोघीही एकदम थांबलो. मला वाटलं, तुम्हीच ओरडलात.

किक अजून खालीच अडकलेली आहे. डब्यातले वॉशर डब्यातच आहेत. ही गाडी चालू होईल असं मला वाटत नाही, पप्पा. पुढच्या आठवड्यात नाही आणि बहुतेक कधीच नाही. मला ते सहन होत नाही, पण माझ्या हातात काही नाही. तुम्ही होतात तेव्हा विचारायचं सुचलं नाही, आता सुचतंय तर तुम्ही नाही.

म्हणून गाडीचं वचन देत नाही. वचन फूटरेस्टचं देते. तो कुठे लागतो ते मला पक्कं माहीत आहे, त्यासाठी ठिपके लागत नाहीत. कार्याच्या दिवशी सकाळी तो डाव्या बाजूला घट्ट बसवीन, आटे जाऊ देणार नाही. आईंना नवी साडी नेसवीन आणि हाताला धरून त्या खाली घेतलेल्या सीटवर बसवीन. बंद तर बंद. पाय ठेवायला जागा आहे, आणि ह्या वेळी चटकाही बसणार नाही.

मग येऊ दे कळंबोलीचा टेम्पो. गाडीवर आई बसलेल्या असतील, शेजारी मी टॉर्च घेऊन उभी असेन. बघू कोण उचलतं ते!

तुमची सूनबाय,
वैशाली