आईचं नाक

ती. ताईस,

तुझ्या पायांना नमस्कार (गुडघा दुखतो म्हणालीस, म्हणून हलकेच). देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत, फक्त आईचं नाक पडलं होतं. घाबरू नकोस, मी पुतळ्याचं म्हणते आहे.

तुला ठाऊकच आहे, यांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई यांचा तास मागायच्या आणि हे देऊनही टाकायचे! सुट्ट्यांत पुतळे केले, तेही लोकांनी सांगितलेल्या माणसांचे (प्रत्येकाच्या घरच्यांना टक्कल जरा कमी हवं असायचं). निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या मनाने पुतळा करायला घेतला आणि तो कुणाचा, तर यांना शेवटपर्यंत ‘चिखलवाले जावई’ म्हणणाऱ्या आपल्या आईचा! मातीतून तिचा चेहरा वर येताना पाहिला आणि मी आपोआप पदर सावरला. देवाने माणूस कसा घडवला असेल, ते मला आमच्या मागच्या खोलीत कळलं.

माती सुकू नये म्हणून पुतळ्यावर ओलं फडकं टाकतात. ते काम माझं. यांनी त्यासाठी मऊ जुनी साडी काढून दिली होती, पण ती भिजवायचं माझ्या जिवावर आलं (तिचं अजून दुपट्याला अस्तर निघेल). मी आपला खरखरीत टॉवेल टाकला. सकाळी ओढला, तर आईचं नाक टॉवेलात! मी देवाचा धावा करत उभी. हे आले, पण रागावले नाहीत. मातीचा गोळा माझ्या हातात देऊन म्हणाले, “डोळे मीट. लहानपणी तिच्या कुशीत नाक चाचपलं असशील ना? मग बोटांना विचार.” मॅट्रिकला चित्रकलेत काठावर सुटलेल्या मला! पण ताई, बोटं चालली गं. डोळे उघडले, तर आई माझ्याकडे रागाने बघत होती. यांनी नाक दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं. मग म्हणाले, “वर्गात असं कुणी भेटलं नाही मला.” “काहीतरीच तुमचं,” म्हणत मी चहा टाकायला पळाले.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की रविवारी साचा काढायचा आहे. मग नाक बदलता येणार नाही. यांना ते पसंत आहे, पण मला धाकधूक. आईचं नाक तुझ्याच चेहऱ्यावर आहे, तेव्हा शनिवारी येऊन पुतळ्याशेजारी बस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी फडकं भिजवायला गेले होते (साडीच, बरं का). पुतळ्याच्या पाठीमागे यांनी आपलं नाव कोरलंय आणि त्याखाली माझं. तेव्हा आता घाई नको, साचा झाल्यावर सावकाश ये. आणि येशील तेव्हा तुझं नाक पदराआड ठेव.